म्हशींच्या डॉक्टरांचा नायट्रोजन

मंडळी, आज लॅबमध्ये मीटरसमोर बसून मी चक्क रडले.

माझी सुपरकंडक्टर सिरॅमिकची गोळी पुरेशी गार केली की तिचा वीजरोध शून्य व्हायला हवा. नेमका लॅबमधला द्रव नायट्रोजन संपलेला. मग पेठ वडगावचे जनावरांचे डॉक्टर, आमचे दत्तूकाका आठवले. कृत्रिम रेतनासाठीच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या ते द्रव नायट्रोजनमध्येच ठेवतात. त्यांनी लगेच कंटेनर भरून दिला.

गोळी बुडवली. रोध घसरला, पण शून्यावर काही आला नाही. दोन महिन्यांची मेहनत!

कंटेनर परत देताना काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हस पहिल्या खेपेला गाभण ऱ्हायली न्हाय म्हणून कोण इकतंय व्हय? एकवीस दिवसांनी ती परत माजावर येती. तूबी परत ये की!"

नवी गोळी भट्टीत गेलीय. तुम्हाला असं 'परत ये की' कोण म्हणालं होतं?