कशावर दळलं?

गिरणीत डबा ठेवण्याआधी आमच्याकडच्या बायका एकच विचारतात, "आता कशावर चाललंय?" म्हणजे गिरणीत याआधी कोणतं धान्य पडलंय. गव्हावर तांदूळ घातले की पीठ बिघडतं, भाकरीला ती चव राहत नाही. म्हणून तांदळावर तांदूळ यायची वाट बघत आम्ही भिंतीला टेकून गप्पा हाणतो. माझी मुलगी हे ऐकतच मोठी झाली.

तिला सीलिअ‍ॅक हा आतड्याचा आजार निघाला आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं, गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये. मी मनात म्हटलं, बरी रत्नागिरीत जन्मलीस! घावणे, आंबोळ्या, भाकरी, मोदक, काय कमी आहे? गिरणीत जाणं बंद केलं, घरघंटी आणली, तिच्यात फक्त तांदूळ. हिंगात मैदा असतो हे कळल्यावर हिंगाची डबीही घराबाहेर काढली. हळूहळू पोरीच्या अंगाला लागू लागलं आणि मी जरा फुशारले.

समोरच्या दारातल्या शेजारणीचा नवरा आखातात असतो. मुलगी तिला खाला म्हणते आणि अर्धी तिच्याच स्वयंपाकघरात वाढली आहे. नवरा रजेवर आला तेव्हा तिने त्याच्याकडून खास ओट्सचा मोठा डबा मागवला. "भाबी, ह्यात गहू नाय. मी दोनदा विचारून घेतलंय." मीही चष्मा लावून डबा वाचला. नुसते ओट्स. रोज सकाळी दुधात शिजवून, वर आंब्याच्या फोडी घालून मुलगी वाटी चाटूनपुसून खायची.

काही आठवड्यांत तिचं पोट पुन्हा फुगायला लागलं. शाळेतून आली की दप्तरासकट आडवी. मी घर उलटंपालटं केलं, तवे घासले, मसाले फेकले, नवऱ्यावर खेकसले. इतकी भीती मला पहिल्या वेळीही वाटली नव्हती, कारण आता दोष कुठे आहे तेच कळत नव्हतं.

एका सकाळी हातात चमचा धरून ती म्हणाली, "आई, हे कशावर दळलंनी असेल गो?"

मी आधी हसले. मग तिच्या पुढची वाटी काढून घेतली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावलं. ओट्स म्हणजे गहू नव्हे, पण पुष्कळदा ते गव्हाशेजारच्या शेतात पिकतात, त्याच यंत्राने कापले जातात, त्याच ट्रकमधून त्याच कारखान्यात जातात. गव्हाचा कण नाही असं तपासून डब्यावर तसं लिहिलेले वेगळे ओट्स मिळतात, पण काहींना तेही सोसत नाहीत. तेव्हा सध्या काहीच नको, आधी रक्त तपासू.

मी थक्क झाले. कुठल्या परक्या मुलुखातल्या गव्हाची धूळ, समुद्र ओलांडून माझ्या ओट्यावर आली. मला दिसली नाही, जिभेला कळली नाही. या एवढ्याशा पोरीच्या आतड्याने मात्र ती अचूक ओळखली. देवाने असं काही घडवावं, याचा मला राग येतो आणि नवलही वाटतं. अजून वाटतं.

शेजारणीला कळलं तेव्हा ती स्वतःलाच बोल लावत राहिली. मी हजारदा सांगितलं, तुझा काय दोष? पण तिच्याकडून येणारी वाटी थांबली. मुलगी बरी होत गेली, पुढचा रिपोर्टही चांगला आला. तरी समोरचं दार पूर्वीसारखं उघडं दिसेना. खाला आपल्यावर रागावली का, हे मुलगी मला रोज विचारायची.

ईदच्या सकाळी बेल वाजली. शेजारीण झाकलेलं ताट घेऊन उभी होती. आत सांदणं होती, तांदूळ आणि नारळाच्या दुधाची, पांढरीशुभ्र, वाफाळती. माझा हात पुढे होईना. नाही म्हणवेना आणि हो म्हणायचं धाडस होईना.

मुलगी माझ्या बाजूने पुढे सरकली. "खाला, कशावर वाटलंस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारीण मात्र हसली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच.

"कशावर नाय गो. मिक्सरचं भांडं नवं, वाट्या नव्या, चाळणपण नवी. फडताळात वेगळी ठेवलीत. तुझी हायत ती."