पुढची बोगी, मागची बोगी

जगातली निम्मी भांडणं आणि बहुतेक कंबरदुखी वजन चुकीच्या जागी पडल्यामुळेच होते, असं मानणारा माणूस मला एकच माहीत आहे: आमच्या हिचे धारचे मामा. रेल्वेत मालडबे तपासण्यात त्यांची तेहतीस वर्षं गेली. गावात मात्र रूळ नव्हते; म्हणून असेल, निवृत्त होऊन घरी परतल्यावर त्यांनी रेल्वेचे नियम माणसांनाच लावले. मांडूला निघालं की जीपमध्ये कोणी कुठे बसायचं ते तेच ठरवतात, आणि त्यासाठी बायकांना चारचौघांत वजन विचारतात. माझ्या मावससासूबाईंनी अठ्ठावन्न सांगितलं, तेव्हा मामांनी जीपच्या मागच्या टायरकडे नुसतं पाहिलं. त्यानंतर दोन वर्षं त्या मामांशी बोलत नव्हत्या. एका मुंजीत मामांनी स्टीलचे दोन पेले तोंडाला तोंड लावून चिकटवले आणि पडद्याच्या दोन दांड्यांवरून घरंगळत सोडले. जोडी कडेला सरकली की आपोआप मध्ये यायची. गाडीचं चाकही असंच निमुळतं असतं, वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं म्हणून ते आपल्या जाड भागावर सरकतं, असं ते समजावत होते. गुरुजीही पेले सोडायला बसले. मुहूर्ताला चार मिनिटं उरली, तेव्हा यजमानीणबाईंनी पेले काढून नेले.

मीही हसणाऱ्यांतलाच. मग गेल्या माघात, मामा देवासला आमच्याकडे आलेले असताना, बाबांना सकाळी एकदम धाप लागली. आडवं करता येईना. डॉक्टर फोनवर म्हणाले, बसवूनच आणा, पण लवकर. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, चोपन्न पायऱ्या, सहा वळणं. बाबांचं वजन चौऱ्याण्णव किलो. शेजारी धावून आले आणि त्यांनी खुर्चीला दोन लांब बांबू बांधले. पहिल्याच वळणावर सगळे एकदम वळले, बांबू भिंतीत रुतले, खुर्ची कलली. श्वास पुरत नसतानाही बाबा म्हणाले, "बांबू आत्तापासून कशाला?"

कोणी हसलं नाही. मामांनी बांबू सोडून बाजूला ठेवले, दोघे दणकट खालच्या बाजूला घेतले, कारण उतारावर भार पुढच्यांवर येतो. मला आणि समोरच्या तिवारींना मागे लावलं.

"देखो भिया, डब्याखाली चाकांचे दोन गाडे असतात, त्याला बोगी म्हणतात. तुम्ही पुढची बोगी, हे मागची. पुढचे वळतील तेव्हा मागचे सीधे. त्यांच्या जागेवर पोचल्याशिवाय मागच्यांनी वळायचं नाही."

स्वतः बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवून ते उलटे उतरू लागले. प्रत्येक वळणावर माझे हात आधीच वळू पाहत, आणि मामा हळूच म्हणत, "जावईबापू, अजून नाही." सात मिनिटांत आम्ही खाली होतो. एकदाही खुर्ची भिंतीला लागली नाही.

बाबांना गाडीत बसवल्यावर मामा शेवटच्या पायरीवर बसले. पाणी मागून म्हणाले, "मालडबा असता तर भीती वाटली नसती रे."

अकरा दिवसांनी बाबा परत आले, ते तळमजल्यावरच्या भाड्याच्या घरात. आता फाटकापर्यंत बेचाळीस पावलं चालतात, मी मोजतो. मामांना अलीकडे ऐकू कमी येतं, फोनवरून आभार पोचत नाहीत. म्हणून हे मोठ्या अक्षरांत लिहून धारला पाठवतो आहे.