पिवळ्या विमानासकट

आमची धाकटी विमानांना कपडे शिवायची. हसू नका, खरंच सांगतो. आमच्या वस्तीबाहेर माळावर एक छोटी धावपट्टी आहे आणि तिथे विमान चालवायला शिकवणारा क्लब आहे. विमानं उघड्यावर उभी असतात. ऊन-पाऊस लागू नये म्हणून त्यांच्या नाकाला, पंखांना, काचेला ताडपत्रीच्या खोळी लागतात. त्या शिवायचं काम तिचं. टेप गळ्यात अडकवून शिडीवर चढायची आणि विमान म्हणजे गिऱ्हाईकच असल्यासारखी बोलायची. "पोट सुटलंय रे तुझं," असं एका लठ्ठ विमानाला म्हणताना मी या कानांनी ऐकलंय.

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. हट्टाची तर विचारूच नका. आमच्या शाळेत मुलींनी मागे, दाराजवळ बसायचं अशी रीत होती. ही रोज आपलं बसकर उचलून पुढे आणायची, गुरुजी रोज मागे न्यायला लावायचे. महिनाभर हे चाललं. शेवटी गुरुजींनीच फळा उचलून दाराकडच्या भिंतीला लावला, आणि आम्ही पुढे बसणारे एका दिवसात मागचे झालो. आता बोला.

तिचा नवरा, म्हणजे आमचे मेहुणे, त्याच क्लबात मेकॅनिक. दोघांची पहिली भेट एका पिवळ्या विमानापाशी झाली. ती वर माप घेत होती, ते खाली पडून नट आवळत होते. तिच्या हातून कात्री सुटली ती त्यांच्या कानाला चाटून गेली. त्यानंतर कान शाबूत आहे ना हे पाहायला ती दोन-तीनदा गेली, आणि पुढचं तुम्ही समजा.

ते पिवळं विमान मेहुण्यांनी वर्षानुवर्षं लेकरासारखं सांभाळलं. नवशिक्याला पहिल्यांदा बसवायचं ते त्याच विमानात, इतकं ते गरीब स्वभावाचं. पण एके दिवशी हवेतच त्याचं इंजिन बंद पडलं आणि ते पलीकडच्या शेतात उतरताना मोडलं. चालवणारा कपडे झटकत चालत आला, देवाची कृपा. चौकशी झाली. मेकॅनिकची काही चूक निघाली नाही. पण लोकांच्या तोंडाला काही खोळ शिवता येत नाही. मेहुणे आले की क्लबात गप्पा थांबायच्या. त्यांनी काम सोडलं. पुढे तर धावपट्टी दिसू नये म्हणून बाजाराला लांबच्या रस्त्याने जायला लागले. घरात पिवळ्याचा विषय निघाला की उठून आतल्या खोलीत.

काही वर्षांनी धाकटीची बोटं आखडली, शिलाई सुटली. रिकामी बसणं तिला माहीत नाही. नातीने आपला जुना कॉम्प्युटर दिला, त्यात एक फुकटातलं चित्रं जोडायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. धाकटीपाशी फोटो ढिगाने होते. माप घेताना आठवणीसाठी प्रत्येक विमानाचा फोटो काढायची तिला सवय. आता ती बसून एकेक विमान कापायला लागली आणि एका आभाळात मांडायला लागली.

पहिलं चित्र तिने मला कौतुकाने दाखवलं. प्रत्येक विमानाभोवती बोटभर फिकट कड. म्हटलं, हे काय, विमानांनी रजया पांघरल्यात का? तर म्हणाली, "दादा, दाब नको का सोडायला?" शिंप्याची जात! कापड कापताना शिवणीसाठी थोडं जास्त सोडतात, तसं तिने प्रत्येक विमानाभोवती त्याच्या जुन्या आभाळाची पट्टी सोडली होती. मी इतका हसलो की ठसका लागला. तिने मला पाणी दिलं आणि आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. पुढे मात्र अगदी रेषेवर कापायला शिकली.

तिच्या या उद्योगाची बातमी क्लबापर्यंत गेली. क्लबाचा वर्धापनदिन जवळ आला होता. सेक्रेटरी घरी आले आणि म्हणाले, क्लबात आजवर आलेली सगळी विमानं एकत्र उडताहेत असं मोठं चित्र करा, सभागृहात लावू. एक मोडल्यावर दुसरं आलेलं, ती एकत्र कशी उडणार? पण तिच्या आभाळात उडाली. मधोमध पिवळं.

सेक्रेटरींनी चित्र पाहिलं, वाहवा केली, चहा घेतला आणि हळूच म्हणाले, तेवढं पिवळं काढा. पडलेलं विमान भिंतीवर दिसलं तर शिकायला येणाऱ्यांचे आईबाप काय म्हणतील? माणूस वाईट नव्हता, घाबरट होता.

"नाही काढणार," धाकटी म्हणाली.

मेहुणे आतल्या खोलीत होते. दार पुरतं लागलेलं नव्हतं.

सेक्रेटरींनी खूप समजावलं. मग म्हणाले, बरं, चित्र तसंच द्या, पिवळं पुसून टाकणारे आमच्याकडेही आहेत. मला वाटलं आता ही त्यांना दार दाखवणार. ती म्हणाली, परवा या, देते. मी कपाळाला हात लावला.

पण त्या दोन दिवसांत बाईंनी काय केलं पाहा. त्या सॉफ्टवेअरात प्रत्येक विमान वेगळ्या पारदर्शक कागदावर असल्यासारखं असतं, हवं ते उचलून बाजूला ठेवता येतं. हिने पिवळं मोठं करून सगळ्यांच्या पुढे आणलं. त्याचा एक पंख लठ्ठ्याच्या शेपटीवर, दुसरा एका पांढऱ्या विमानाच्या नाकावर, चाकं तांबड्याच्या पाठीवर. मग सगळे कागद एकत्र करून टाकले. एकच कापड झालं. मला म्हणाली, आता उसवा म्हणावं.

आठवड्याने सेक्रेटरी छापलेलं चित्र घेऊन हजर. पिवळं पुसलं होतं खरं, पण लठ्ठ्याला शेपूट नव्हतं, पांढऱ्याला नाक नव्हतं, आणि तांबड्याच्या पाठीत आभाळ शिरलं होतं. धाकटीने चष्मा लावून निवांत पाहिलं.

"ही उडवून दाखवा आणि खुशाल लावा."

"बाई, तुम्ही हे मुद्दाम केलंत."

"मुद्दामच केलं. तुम्ही पहिल्यांदा कशात बसला होतात?"

सेक्रेटरी पिवळ्यातच शिकले होते.

"ते पडलं एक दिवस. उडालं किती वर्षं? लावायचं तर पिवळ्यासकट लावा, नाहीतर भिंत कोरी ठेवा. कोऱ्या भिंतीला मी नावं ठेवणार नाही."

"आणि कुणी विचारलं तर?"

"तर सांगा, पडलं. आणि हेही सांगा, की मेकॅनिकची चूक निघाली नव्हती. एवढं एक वाक्य तुमच्या क्लबात अजून कुणी मोठ्याने बोललेलं नाही."

सेक्रेटरी ते नाक नसलेलं चित्र गुंडाळून निघून गेले. काय होणार कुणाला ठाऊक नव्हतं. मेहुणे बाहेर आले, म्हणाले, कशाला भांडतेस. ती म्हणाली, तुमच्यासाठी नाही, माझ्या शिवणीसाठी भांडते. खोटं बोलली.

वर्धापनदिनाला आम्ही गेलो. मेहुणेही आले, जवळच्या रस्त्याने. पडदा बाजूला झाला आणि पिवळं दिसलं, सगळ्यांच्या पुढे, सगळ्यांत मोठं. सेक्रेटरी बोलायला उभे राहिले. चौकशीच्या वाक्यापाशी त्यांचा आवाज बसला. धाकटी पहिल्या रांगेतून म्हणाली, "मागे ऐकू गेलं नाही." त्यांनी खाकरून ते वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी मागच्यांनीही ऐकलं, आणि माना मेहुण्यांकडे वळल्या.

मेहुणे उठले. चित्राजवळ गेले, हात पाठीमागे बांधून पिवळं नाकापासून शेपटीपर्यंत पाहत गेले.

"नाक फार वर घेतलंय," ते म्हणाले. "असं उडवलं तर पडेल."

"पडू दे," धाकटी म्हणाली. "भिंतीवरून उतरणार नाही."