चाळिसावा गज

युद्धाच्या सिनेमांना जुन्या बंदुका पुरवणाऱ्या माणसालाच बंदुकांची भीती वाटते, हे ऐकून लोक हसायचे. हसोत बापडे. जपूनकाकांना ती वाटायची, आणि तीस वर्षांत कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेली होती. दर चौथ्या वाक्याला 'जपून' म्हणायचे, म्हणून सेटवर हे नाव पडलं. घरीही तीच तऱ्हा. गॅस बंद आहे ना, हे बघायला तीनदा उठायचे. बायको म्हणायची, "एकदा तुम्हालाच कपाटात बंद करते, म्हणजे सगळ्यांना झोप लागेल."

त्यांच्याकडे चाळीस ठासणीच्या बंदुका होत्या. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर कागदाचा बोळा, मग लोखंडी गजाने ठासायचं, आणि शेवटी घोड्याखाली तांब्याची बारकी टोपी बसवायची. गोळी नसतेच, नुसता धूर आणि आवाज हवा असतो. म्हणून बघणाऱ्याला वाटतं, खेळणंच आहे. पण दारूला सिनेमा कळत नाही. बाविसाव्या वर्षी काकांनी पाहिलं होतं: एका घाबरलेल्या नटाने गज नळीतच ठेवला, बार उडाला आणि तो गज समोरच्या खोट्या किल्ल्याच्या दारात वीतभर घुसला. दाराशी एक सुतार चहा पीत बसला होता. गज त्याच्या कानापासून चार बोटांवरून गेला. सुतार त्या दिवशी घरी गेला तो पुन्हा कामावर आलाच नाही. काका दुसऱ्या दिवशी आले, एवढाच काय तो फरक. भीती दोघांना सारखीच बसली होती.

तेव्हापासून त्यांचा नियम होता. बार स्वतः भरायचा, गज नटाकडे ठेवायचा नाही, आणि पेटीत चाळीस गज मोजल्याशिवाय एकाही बंदुकीला टोपी लावायची नाही.

त्या दिवशी लढाईचा मोठा प्रसंग होता आणि रांगेत त्यांची लेक उभी होती. माणसं कमी पडली, तेव्हा तिने मिशी चिकटवली, शिपायाचा अंगरखा चढवला आणि शेवटून तिसरी जागा पकडली. "बाबा, तुम्ही असताना मला काय होणार?" असं म्हणाली. ते वाक्य काकांच्या डोक्यातून दिवसभर गेलं नाही. चाळिसांतली सगळ्यात धड नळी त्यांनी तिच्यासाठी निवडली. पोटच्या पोरीची बंदूक घाईत भरायची नाही, म्हणून दुपारीच तंबूच्या सावलीत बसून निवांत भरली आणि तिच्या जागी नेऊन ठेवली.

मग ऊन उतरायला लागलं तसा दिग्दर्शक भोंग्यावरून ओरडू लागला. "काका, उजेड चाललाय. बार भरतानाच टोप्या लावून टाका. आणि आज मध्ये थांबवू नका हं. दोनदा उगाच थांबवलंत. तिसऱ्यांदा थांबवलंत तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

काकांनी मान डोलावली. एका टोकापासून सुरुवात केली. दारू, बोळा, गज, टोपी. पुढची. दारू, बोळा, गज, टोपी. शेवटची बंदूक भरून ते पेटीपाशी आले आणि गज मोजले. एकोणचाळीस.

पुन्हा मोजले. एकोणचाळीस.

चाळीस बंदुका खांद्याला लागल्या होत्या. समोर वीस पावलांवर शत्रूच्या वेषातली चाळीस माणसं, साधीसुधी, पोटासाठी आलेली. यांच्यातल्या कुणाच्या तरी नळीत तो गज आहे. सुताराचा कान त्यांच्या डोळ्यांपुढे आला. थांबवावं तर नोकरी जाते, आणि या वयात दुसरीकडे कोण घेणार? न थांबवावं तर?

"तयार," भोंगा म्हणाला.

भोंग्यापुढे त्यांचं ओरडणं कुणाला ऐकू गेलं नसतं. तीस वर्षं जो माणूस बंदुकीच्या मागेच उभा राहिला होता, तो धडपडत चाळीस नळ्यांच्या पुढे जाऊन हात वर करून उभा राहिला.

"टोप्या काढा," ते म्हणाले. "एक गज कमी आहे."

दिग्दर्शकाने डोक्यावरची टोपी जमिनीवर आपटली. काका एकेक नळी तपासत निघाले. गजावर त्यांनी तांबडी खूण केलेली होती. एक बार भरलेल्या नळीत गज सोडला की खूण बरोबर तोंडाशी यायची. पहिली ठीक. दहावी ठीक. छत्तिसावी झाली तेव्हा रांगेतला एक मिशाळ शिपाई म्हणाला, "काका, तुमच्या हातात आहे तो कितवा गज?"

काकांनी हाताकडे पाहिलं. चाळिसावा तोच होता. बार भरताना धरला तो त्यांनी खाली ठेवलाच नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! अख्खं मैदान खो खो हसलं. लेकही हसली, तिची मिशी एका बाजूने सुटली. लाजेने काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"झालं समाधान?" दिग्दर्शक म्हणाला. "चला, जागेवर."

"चारच राहिल्यात," काका म्हणाले. "तेवढ्या बघू द्या."

"काका!"

"हाकला मग मला. पण बघू द्या."

सदतिसावी ठीक. अडतिसावी लेकीची. गज सोडला तर तांबडी खूण नळीच्या तोंडापासून दोन बोटं वरच राहिली. त्यांनी गज हलवला, दाबला. खूण वरच.

मैदानावरचं हसू हळूहळू थांबलं. दोन बार. दीडशे वर्षांची नळी, फुटायला तेवढं पुरे, आणि तिच्या दस्त्याला लागून लेकीचा गाल.

"कोणी भरली ही?" दिग्दर्शकाने जवळ येऊन हळूच विचारलं.

"मीच," काका म्हणाले. "एकदा दुपारी, जीव लावून. एकदा आता, रांगेतून जाताना, बघितलंच नाही कुणाची आहे ते."

त्या दिवशी प्रसंग झाला नाही. दिग्दर्शकाने काकांना काढलं नाही, पण काकांनीच नियम बदलला: जो भरेल त्याने तपासायचं नाही. "मग तपासणार कोण?" असं दिग्दर्शकाने दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हा लेक पुढे आली. मिशी लावली नव्हती. तिने गज घेतला आणि पहिल्या नळीत सोडला. तिचा हात इतका थरथरत होता की गज नळीच्या काठावर वाजला.

तो आवाज ऐकून काकांना फार वाईट वाटलं; त्यांची भीती आता तिलाही बसली होती. मग ते दारूची पिशवी घेऊन पुढच्या बंदुकीकडे गेले, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.