वाघमारेकाकांचं बडीशेपेचं तेल

वाघमारेकाका आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा जेवणानंतरची बडीशेप त्यांनी तोंडात टाकलीच नाही. चार दाणे तळहातावर चोळले, हात नाकाशी नेला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, लखनवी आहे. अ‍ॅनेथोल भरपूर, कडवट फेन्कोन नावापुरतं. म्हणून गोड."

"काका, परीक्षा माझी होती की बडीशेपेची?"

"तुम्ही आमटीलाच पास झालात."

मूळचे नांदेडचे काका मसाल्यांची तेलं तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते. विद्यानगरला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी पुण्यात. मी हिशेबाच्या नोकरीतला, मला टक्के समजतात. बडीशेपेच्या तेलात अर्ध्याहून जास्त अ‍ॅनेथोल, बाकी फेन्कोन, एस्ट्रॅगोल, लिमोनीन, हे त्यांच्याकडून ऐकून माझं पाठ झालं. "यंत्र टक्के सांगतं," ते म्हणत, "पण नाक आधी सांगतं."

मग एका तापात त्यांना वास येईनासा झाला. डॉक्टर म्हणाले, ओळखीचा वास रोज घेत राहा, कदाचित परत येईल. काकांनी स्वयंपाकघरात काचेचं उपकरण मांडलं. दर रविवारी बडीशेप कुटून पाण्यात उकळायची, वाफ थंड करायची आणि पाण्यावर तरंगणारं थोडंसं तेल बाटलीत भरायचं. मग आठवडाभर ते हुंगायचं. विकतचं का नाही, असं मी विचारलं.

"नक्को. त्यात काय काय मिसळतात कोण जाणे. उद्या वास आलाच, तर तो कशाचा आला हे मला कळायला पाहिजे."

एका रविवारी मी गेलो, तर दारातच गॅसचा वास. वाऱ्यानं शेगडी विझली होती आणि काका शेजारी स्टुलावर बसून, डोळे मिटून बाटली हुंगत होते. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या.

"काय झालं?"

"काका, गॅस."

त्यांनी उठून बटण स्वतः तपासलं. मग म्हणाले, "पोरीला मीच फोन करतो. वर-खाली माणसं राहतात."

मुलगी न्यायला आली. निघताना काकांनी शेवटची बाटली माझ्या हातात दिली. काय करावं न सुचून मी ती उघडली. जिनाभर गोड वास पसरला. मी त्यांच्याकडे बघितलं.

"असू द्या हो," काका म्हणाले. "मला कळत नाही म्हणून त्यातलं अ‍ॅनेथोल कमी होत नाही. झाकण लावा. उडून जातं ते."