सहावा चौकोन

दर शनिवारी मी चिंचोके धुते. मुलं घरी गेली की ते बादलीत घालायचे, लाळ, माती, शेंबूड सगळं चोळून काढायचं आणि व्हरांड्यात जुन्या चादरीवर पसरायचे. सोलापूरच्या उन्हात तासाभरात खडखडीत वाळतात. माझे गुडघे मात्र सोमवारपर्यंत ठणकत राहतात. या नोकरीला बावीस वर्षं झाली. नात्यातल्या लोकांना मी नेमकं काय शिकवते ते अजून कळलेलं नाही आणि आता मीही समजावून सांगायचं सोडून दिलं आहे.

माझ्याकडे येणारी मुलं बोलत नाहीत, किंवा बोलतात ते आपल्याला उमगत नाही. कुणी कानावर हात ठेवून फिरतं, कुणी पंखा सुरू झाला की टेबलाखाली शिरतं. त्यांना आंबा, पेरू, हत्ती, घोडा हे शब्द शिकवायला सगळेच धावतात. पण हत्ती म्हणून कुणाचा दिवस जातो का? आपण दिवस काढतो तो अजून, दे, उघड, मदत अशा साध्या शब्दांवर. आम्ही त्यांना गाभ्याचे शब्द म्हणतो. ते फळ्यावर लिहून येत नाहीत. हात कशात तरी रमलेला असतानाच ते आत शिरतात. म्हणून हे चिंचोके, पाणी, वाळू आणि मागातून निघालेला सुताचा गुंता. गळ्यात नाडीनं अडकवायची एक पाटी असते, तिच्यावर सहा चौकोन, प्रत्येकात एक चित्र. मूल चित्रावर बोट ठेवतं, तेच त्याचं बोलणं.

माझ्या पाटीवर पाचच चित्रं होती. सहावा चौकोन कोराच असायचा. तिथं पूर्वी मी नकोचं चित्र म्हणून हाताचा पंजा काढला होता, तर शिपायानं हरकत घेतली की बाई, निवडणूक तोंडावर आली आहे, उगाच प्रचार वाटेल. मी तो खरवडून काढला आणि परत काही काढलंच नाही. शिपायाचं निमित्त झालं. खरं सांगायचं तर मला नको हा शब्द शिकवायचा कंटाळा होता. अजून हा शब्द लवकर येतो, गोड दिसतो, पालक खूश होतात. नको शिकलेलं मूल दिवसभर नकोच म्हणतं आणि मग ते निस्तरत बसा.

मंद्रूपकडची एक बाई दर मंगळवारी आणि शुक्रवारी एसटीनं मुलीला घेऊन यायची. मुलगी सात वर्षांची, अंगानं भक्कम, आणि पळायला लागली की धरता येत नसे. आईच्या कमरेला दुखण्यासाठी डॉक्टरांनी दिलेला पट्टा होता. पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. मी परातीत ज्वारी ओतून पुढं ठेवली, मुलीनं दोन्ही हातांनी उधळली, आणि ही बाई पट्टा सांभाळत खाली बसून एकेक दाणा वेचायला लागली. वेचलेली मूठ कपाळाला लावली. मी म्हटलं, अहो, राहू द्या, खेळच आहे तो. ती म्हणाली की धान्याचा खेळ करत नाहीत. मला राग आला. घरी जाईपर्यंत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. पुढच्या खेपेला मात्र ज्वारी कपाटात ठेवून मी चिंचोके आणले, ते आजपर्यंत चालू आहेत.

मुलीला स्टीलच्या ताटावर चिंचोके पडल्याचा आवाज फार आवडायचा. मी मूठभर ओतायची आणि थांबायची. ती माझ्या हाताकडे बघायची. मी तिचं बोट धरून अजूनच्या चित्रावर टेकवायची आणि लगेच ओतायची. दिवाळी गेली, संक्रांत आली, आणि एका शुक्रवारी तिनं आपण होऊन बोट टेकवलं. मी ओतले. पुन्हा टेकवलं, पुन्हा ओतले. त्या दिवशी माझा खांदा भरून आला तरी मी ओतत होते. आईकडे मोठ्या दिमाखात बघितलं. तिचा चेहरा होता तसाच.

बाहेर चपला घालताना ती म्हणाली, "बाई, तिला नको म्हनायला शिकवा की."

मी माझं ठरलेलं व्याख्यान सुरू केलं. आधी अजून पक्का होऊ दे, मग दे, मग उघड, नकोचं पुढं बघू. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं की जूनमध्ये मुलीला निवासी शाळेत घालायचं ठरलं आहे. मालक साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर, घरी बघायला दुसरं कुणी नाही, पोरगी दोनदा कालव्याच्या कडेला सापडली आणि हिच्या कमरेत पळायचं बळ उरलेलं नाही. तिथं दुसरी माणसं तिला आंघोळ घालणार, भरवणार, निजवणार.

"अजून मागायला मी हाय की," ती म्हणाली. "मी नसंन तितं तिला नको म्हनता आलं पायजे."

त्या रात्री मी सहाव्या चौकोनात तोंड फिरवलेला एक चेहरा काढला. चित्रकला माझी यथातथाच, पण कळत होतं.

नको शिकवायचा म्हणजे मुलाला न आवडणारं काही पुढं करायचं आणि त्यानं नको म्हणताक्षणी मागं घ्यायचं. या मुलीला हाताला चिकट लागलेलं अजिबात खपायचं नाही. मी सुताला घालतात तसली खळ शिजवून वाटीत आणायची. वाटी जवळ नेली की ती अंग चोरायची, मी तिचं बोट सहाव्या चौकोनावर टेकवायची आणि वाटी पाठीमागं लपवायची. दिवसातून दहा वेळा, पंधरा वेळा. आईला मी बजावून ठेवलं होतं, "तिनं नको म्हटलं की थांबायचं. पाहुणा असो, बाप असो, तुम्ही असा. एकदा जरी थांबला नाहीत तर शिकवलेलं सगळं गेलं."

मार्चअखेर पोरगी तयार झाली. वाटी दारातून दिसली तरी ती पाटीवर बोट आपटायची. घरी तेल नको, वेणी नको, भात नको असं चालू झालं. आई वैतागली असेल, पण तिनं तक्रार केली नाही.

एप्रिलमध्ये कार्यालयातून साहेब आले, बरोबर मोबाईल धरलेले दोघं. वर्गाला नवीन पंखा आणि दोन कपाटं मिळण्याचा प्रश्न होता. मी मुलीला पुढं बसवलं. वाटी नेली, तिनं नको केलं, मी वाटी मागं घेतली, सगळ्यांनी माना डोलावल्या. मोबाईलवाला म्हणाला की नीट आलं नाही, परत करा. परत केलं. मग साहेबांचा फोन वाजला, ते बाहेर जाऊन आले आणि त्यांना पुन्हा एकदा बघायचं होतं. तिसऱ्यांदा वाटी नेली तेव्हा तिनं लांबूनच नको केलं. मोबाईलमध्ये दिसायला वाटी जवळ हवी होती. मी म्हटलं, एकदाच, बाळा, आणि तिचं मनगट धरलं. ती दुसऱ्या हातानं पाटीवर मारत होती. तीनदा मारलं तिनं. माझ्या धरण्यात तिची बोटं खळीत बुडाली.

ती ओरडली नाही. तिनं स्वतःचा दंड कडकडून चावला. साहेब म्हणाले, असू द्या, असू द्या. आई दारात उभी होती. तिनं येऊन पदरानं मुलीची बोटं एकेक करून पुसली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पंखा मिळाला, तो आजही माझ्या डोक्यावर फिरतो आणि त्याची मला लाज वाटते.

त्यानंतर मुलीनं पाटी सोडली. गळ्यात घातली की काढून फेकायची आणि टेबलाखाली जायची. शिकलेला अजून हा शब्दसुद्धा गेला. बोलू न शकणाऱ्या मुलाची माफी कशी मागतात हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. शेवटी मी पाटी माझ्याच गळ्यात घातली आणि खळीची वाटी आईच्या हातात दिली. आईनं वाटी माझ्या हाताजवळ आणायची, मी नको करायचं, तिनं थांबायचं. पन्नाशीची बाई जमिनीवर बसून नको नको करते आहे, शिपाई खिडकीतून बघून जायचा. दोन आठवडे आम्ही दोघी हेच करत होतो. एका मंगळवारी पोरगी टेबलाखालून रांगत आली, आईच्या हातातल्या वाटीकडे बघत राहिली, आणि माझ्या छातीवरच्या सहाव्या चौकोनावर तिनं सगळा तळवा ठेवला. आई उठली आणि वाटी दाराबाहेर ठेवून आली.

सुट्टी लागायच्या दिवशी आईनं मला शेंगांची चटणी दिली. मी पाटी नव्यानं करून मुलीच्या गळ्यात घातली. निवासी शाळेतल्या लोकांसाठी एक चिठ्ठी लिहून दिली की ही सहाव्या चौकोनाला हात लावेल तेव्हा थांबा. मी कोण सांगणार होते.

जूनच्या शेवटच्या मंगळवारी मी कपाटं पुसत होते, तर दोघी दारात. मला वाटलं, काही विसरलं असेल. आईनं खाली बसून, थांबत थांबत सांगितलं. शाळेच्या फाटकाशी एक ताई न्यायला आली, चांगली होती बिचारी. तिनं हात धरल्यावर पोरीनं नको केलं, ताईनं चिठ्ठी वाचलेली होती, हात सोडला. म्हणून मग आईनंच हात धरला आणि आत न्यायला लागली. पोरगी वळली आणि आईसमोर पाटीवर बोट ठेवलं. ताई म्हणाली, सगळीच करतात असं, चार दिवसांत रुळेल. मालकानं पेटी आत नेऊन ठेवली होती.

"मलाच म्हनली, बाई," ती म्हणाली. "मग थांबले."

पेटी परत आणली. मालक आठ दिवस तिच्याशी बोललेला नाही.

मला सांगायचं होतं की तो नियम खळीपुरता होता. की लेकराच्या प्रत्येक नकोवर संसार चालत नाहीत, शाळा वाईट नव्हती, तुमची कंबर जाईल. हे सगळं खरं होतं आणि तोंडाशी आलं होतं. मी चार माणसांसमोर एका पंख्यासाठी थांबले नव्हते, मग कुठल्या तोंडानं बोलणार? साडीवरून तिच्या कमरेचा पट्टा दिसत होता, तो आता दुहेरी होता.

पोरगी केव्हाच ताट शोधून आणून बसली होती.

"तुमी म्हनला हुता थांबायचं," आई म्हणाली. "आता फुडं काय करू, ते बी तुमीच सांगा."

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं आणि तिला पाठ टेकायला माझी खुर्ची दिली.