मुलांची फळी

आमच्या भाऊजींची कात्री जितकी चालते, त्याच्या दुप्पट जीभ चालते. त्यामुळे ते सलूनमधला आरसा पुसताना स्टुलावरून पडले आणि उजव्या खांद्याच्या हाडाचे तुकडे झाले, तेव्हा मला वाटलं, आरशाशीही गप्पा मारत असणार.

ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी आणि स्क्रू बसले, टाके सुकले. डॉक्टरांनी बजावलं, "हात रोज थोडा थोडा वर न्या, नाहीतर सांधा आखडेल." भाऊजींनी मान डोलावली. मान डोलवायला त्यांना कधीच त्रास होत नाही.

दुकान पुन्हा उघडल्यावर त्यांनी शक्कल काढली. खुर्ची पार खाली नेली आणि येईल त्या गिऱ्हाइकाला म्हणायला लागले, "जरा घसरून बसा, साहेब." गिऱ्हाईक जवळजवळ आडवं, भाऊजींचं कोपर बरगडीला चिकटलेलं, आणि कात्री खुशाल चाललेली. "हात झकास आहे," असं गावभर सांगत सुटले. घरी मात्र त्यांचा भांग ताई पाडायची, कारण हात स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचतच नव्हता. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

तपासणीला ताई आणि मी बरोबर गेलो. डॉक्टर म्हणाले, "हाड छान जुळलंय, स्क्रू जागेवर आहेत. पण सांधा पार आखडलाय. पुढच्या खेपेला हात वर गेला नाही, तर भूल देऊन पुन्हा ऑपरेशन करावं लागेल." भाऊजी चक्क गप्प बसले. हातावर पोट असलेला माणूस तो. त्यांचा चेहरा बघून मला चेष्टा सुचेना.

ताईनं डॉक्टरांना काहीतरी विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली, लहान मुलांना बसवायची फळी खुर्चीच्या हातांवर आडवी टाकली आणि मला म्हणाली, "चढ."

"अगं, पण मला केस कुठायत?"

"आहेत तेवढे वरच आहेत ना? चढ."

पाय लोंबकळत मी बसलो. भाऊजींना हात वर न्यावाच लागला. कण्हले, माझ्या टकलाला नावं ठेवली, पण हात नेला. मग जो येईल तो फळीवर. शाळेचे हेडमास्तरसुद्धा चढले आणि पाय हलवत शिस्तीवर बोलत राहिले.

पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "हात वर करा." भाऊजींनी खिशातून कंगवा काढला आणि सगळ्यांसमोर स्वतःचा भांग पाडला. डॉक्टर हसले. "आता ऑपरेशन कशाला?" ताई खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला गेलो, तर भाऊजी केस विस्कटून ताईपुढे बसलेले.

"आज जरा हात दुखतोय गं."

ताईनं कंगवा घेतला. "हो का? मग फळी घरी आणून ठेवते," म्हणाली, आणि सावकाश भांग पाडू लागली.